भारल्यासारखं

राक्षस तलवार फिरवत पुढे आला आणि माझ्या शेजारची आजी मशेरीची डबी हातात तशीच धरून राहिली. झाकण उघडं, पण बोट आत जायचंच विसरलं.

कोकणात कुडाळकडची जत्रा, दशावताराचं नाटक, मध्यरात्र उलटून गेलेली. राक्षस आत गेल्यावर मी विचारलं, "आजी, झोप इली नाय?"

"खयची झोप! भारल्यासारखा झाला माका."

तो शब्द कालपासून डोक्यात घोळतोय. आपल्याकडे तांदूळ भारतात, दोरा भारतात. मंत्र म्हणून त्यात काहीतरी उतरवायचं. माणूस भारला म्हणजे त्याच्यातही कुणीतरी काहीतरी उतरवलं.

बातम्यांत मात्र रोज कुठले ना कुठले रसिक 'मंत्रमुग्ध' होत असतात. मुग्ध आणि मूढ दोन्ही संस्कृत 'मुह्' धातूतले, म्हणजे भान हरपणं त्यात मुळातच आहे. कार्यक्रमभर मोबाइल चाळून शेवटी टाळ्या वाजवणाऱ्याला तो शब्द लावतात, ते मला खरंच खटकतं.

आणि इथे बघा. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतो. साथीला पेटी, मृदंग, झांज. एका बाकड्याचं सिंहासन होतं, आणि लुगडं नेसलेला पुरुष विलाप करायला लागला की समोरच्या बायका पदराने डोळे पुसतात. तो पुरुष आहे, कदाचित आपल्याच वाडीतला आहे, हे ठाऊक असूनही.

तुम्ही शेवटचे असे कधी भारले गेला होतात?