ऑपरेशन पोटाचं, मग मांड्या का वाळल्या?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या आहाराचं काम मी करते आणि नातेवाइकांचा एक प्रश्न मला सतत येतो: "ऑपरेशन पोटाचं होतं, पायांना तर काहीच झालं नव्हतं. मग मांड्या एवढ्या कशा वाळल्या?" बऱ्याचदा त्यामागे एक न विचारलेला प्रश्नही असतो. खायला घालण्यात आम्हीच कमी पडलो का? त्याचं उत्तर आधी देते: दोष तुमचा नाही. अन्न कमी गेलं, रुग्ण पडून राहिला, याचा वाटा आहेच. पण मांडीतलं प्रथिन शरीराने स्वतःहून मोडलं आणि त्यातली अमिनो आम्लं (प्रथिनं ज्या लहान घटकांची बनतात ते) ज्या अवयवांना निकड होती त्यांच्याकडे धाडली.

आधी साधा उपवास घेऊ, म्हणजे ऑपरेशनने काय बदलतं ते कळेल. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली साखर १०० ग्रॅमच्या आसपास. दिवसभर पोटात काही गेलं नाही की ती संपत येते. चरबी पुष्कळ असते, पण तिच्यातल्या मेदाम्लांपासून ग्लुकोज बनवण्याची सोय आपल्या शरीरात नाही. चरबीतल्याच ग्लिसरॉल या भागापासून थोडंसं मिळतं तेवढंच. उरतात अमिनो आम्लं. आणि चरबीला जसं कोठार आहे तसं प्रथिनांना नाही, प्रत्येक प्रथिन कुठल्या ना कुठल्या कामाला जुंपलेलं असतं. त्यातल्या त्यात मोठा साठा स्नायूंचा, म्हणून मागणी तिथे जाते.

स्नायू काय पाठवतो हे बघण्यासारखं आहे. त्याच्या प्रथिनात ॲलानिन आणि ग्लुटामिन यांचा वाटा तसा लहान, पण स्नायूतून रक्तात उतरणाऱ्या अमिनो आम्लांत निम्म्याच्या आसपास हीच दोन असतात. म्हणजे स्नायू नुसता मोडत नाही, पाठवण्याआधी माल नव्याने बांधतो. प्रत्येक अमिनो आम्लात नायट्रोजन असतो. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या अमिनो आम्लांवरचा नायट्रोजन उतरवायला यकृताकडे पुरेसं विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, एन्झाइम) नसतं, स्नायूकडे ते भरपूर. उतरवलेला नायट्रोजन मोकळ्या अमोनियाच्या रूपात सोडला तर मेंदूला विषारी ठरेल, म्हणून तो पायरुव्हेटवर (साखर मोडताना बनणारा पदार्थ) चढवून ॲलानिन बनतं, ग्लुटामेट या अमिनो आम्लावर चढवून ग्लुटामिन. ॲलानिन यकृतात जातं. तिथे त्याच्या कार्बनचं ग्लुकोज होतं आणि नायट्रोजनचा युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो. संशोधक फिलिप फेलिग यांनी १९७०च्या सुमारास हे ॲलानिनचं चक्र मांडलं.

ग्लुटामिनचा प्रवास मला जास्त आवडतो. त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे लहान आतडं. आतड्याचं अस्तर काही दिवसांतच नवं होतं आणि त्याच्या पेशी ग्लुटामिन रक्तातूनही ओढून घेतात, इंधन म्हणून जाळतात. त्यातून जे उरतं त्यातलं एक अमिनो आम्ल म्हणजे सिट्रुलिन. ते यकृताला जवळपास न थांबता ओलांडतं आणि मूत्रपिंडात पोचून तिथे त्याचं आर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल होतं. आतड्याने थेट आर्जिनिन पाठवलं असतं तर यकृताने त्यातलं बरंच वाटेतच फोडून टाकलं असतं, कारण युरिया बनवण्याचं विकर तिथे जोरात काम करत असतं. एका अवयवाला चुकवून दुसऱ्याकडे माल पोचवण्याची ही व्यवस्था इतकी पक्की आहे, की आतड्याचा मोठा भाग काढलेल्या रुग्णात किती आतडं कामाचं उरलंय, याचा अंदाज डॉक्टर रक्तातल्या सिट्रुलिनवरून घेतात.

उपवास लांबला की शरीर आवरतं घेतं. बोस्टनमध्ये संशोधक जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात, लठ्ठ व्यक्तींना देखरेखीखाली आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवून हे मोजलं. सुरुवातीला लघवीतून दिवसाला १२ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन जातो. काही आठवड्यांनी तो ३-४ ग्रॅमवर येतो. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिन. म्हणजे रोजची तूट ७५ ग्रॅमवरून २०-२५ ग्रॅमवर. कारण मेंदू तोवर चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर चालायला लागलेला असतो.

ऑपरेशन झालेल्या शरीराला हे आवरणं जमत नाही. ग्लासगोत संशोधक डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या दशकात हाड मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासली. नायट्रोजन इतका जात होता, की तो नुसत्या दुखावलेल्या जागेतून येणं शक्य नव्हतं. धडधाकट स्नायूही मोडत होते, आणि भरपूर खायला देऊनही ते पूर्ण थांबत नव्हतं. आज कारण माहीत आहे. कॉर्टिसोल, ॲड्रेनालिन, ग्लुकॅगॉन ही संप्रेरकं (हार्मोन्स) आणि दाहाचे संदेश एकदम वाढतात, इन्शुलिन असूनही त्याचं कुणी ऐकत नाही, कीटोनचा पर्याय नीट उघडत नाही. यकृत सीआरपी (दाहात वाढणारं प्रथिन) आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवायला लागणारं प्रथिन) घाईने बनवायला घेतं, जखम भरायची असते, पांढऱ्या पेशींना ग्लुटामिन हवं असतं. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर स्नायूंच्या पेशींतलं मोकळं ग्लुटामिन जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. शिवाय यकृताच्या या तातडीच्या प्रथिनांत फिनिलॲलानिन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं स्नायूतल्यापेक्षा जास्त प्रमाणात लागतात, त्यामुळे एक ग्रॅम तिथे बनवायला एक ग्रॅमहून जास्त स्नायू मोडावा लागतो. मांडी वाळते ती इथे.

मग ग्लुटामिनची पावडर द्यावी का, असं लगेच विचारलं जातं. कमी पडतंय ते भरून काढावं, हा विचार सरळ वाटतो. पण अतिदक्षता विभागातल्या, एकाहून जास्त अवयव निकामी झालेल्या रुग्णांना ते मोठ्या प्रमाणात देऊन पाहिलं, तेव्हा मृत्यू वाढलेले दिसले. २०१३ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेव्हापासून अशा रुग्णाला स्वतःहून काही आणून देऊ नका, हे मी आग्रहाने सांगते.

करता येतं ते असं: ऑपरेशनच्या आधी रात्रीपासून पाणीही बंद ठेवण्याची बहुतेकांना गरज नसते, दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखी पातळ पेयं चालतात, तुमच्या रुग्णाचं काय ते भूलतज्ज्ञांना विचारा. नंतर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रथिन, तेही एकाच जेवणात न लोटता दिवसभर विभागून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि स्नायूला हालचाल मिळाली नाही, तर दिलेलं प्रथिन तो पुरतं वापरत नाही. उठवून चालवता येत नसेल, तर खाटेच्या कडेला बसून गुडघा सरळ करणं आणि सोडणं, एवढंही त्याच मांडीला कामाला लावतं. ते कधी सुरू करायचं, हे सर्जनना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.