सोसायटीचा कारभार आणि दोन साध्या फायली

आमच्या सोसायटीची सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे येणारं सगळं दोन साध्या टेक्स्ट फायलींत राहतं. एकीचं नाव ‘कामं’, दुसरीचं ‘नोंदी’. रंग नाहीत, तक्ते नाहीत, नुसत्या ओळी. लॅपटॉपवर उबुंटू ही मुक्त कार्यप्रणाली आहे, फोनवर मार्कोर नावाचं मुक्त ॲप, आणि दोन्हीकडच्या फायली सिंकथिंग हा प्रोग्रॅम एकसारख्या ठेवतो.

‘कामं’मध्ये एका कामाला एक ओळ. ही पद्धत जीना ट्रापानी यांनी २००६ साली मांडलेल्या ‘टुडू-टीएक्सटी’वरून घेतली, फक्त खुणा मला हव्या तशा मराठीत आणल्या:

(१) टाकी धुणाऱ्यांचा चेक +टाकी @बँक
(२) बी विंगच्या जिन्यातला दिवा +वीज @वॉचमन
झालं २०२५-०६-१२ लिफ्टच्या एएमसीवर सह्या +लिफ्ट @चेअरमन

कंसात निकड, अधिक चिन्हापुढे विषय, @ पुढे ते काम कुठे किंवा कुणाकडे व्हायचं ते. बँकेत निघायच्या आधी ‘@बँक’ शोधते. एफडीचं नूतनीकरण, सही बदलल्याचा ठराव, चेकबुकाचा अर्ज, सगळं समोर येतं आणि एका खेपेत उरकतं. झालेली ओळ मी कधीच पुसत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. तेव्हा वर्षभरातल्या ‘झालं’ ओळी काढल्या की अहवालाचा कच्चा मसुदा हातात असतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिल्याने ओळी आपोआप क्रमाने लागतात. मात्र अंक सगळीकडे देवनागरीच हवेत. मध्येच इंग्रजी अंक आले तर त्या ओळी क्रम सोडून भलतीकडे जातात.

खरी दौलत ‘नोंदी’त आहे. गच्चीची गळती कुठून सुरू झाली, प्लंबर काय म्हणाला, कोणत्या सभासदाने पाण्याच्या दाबाबद्दल कधी तक्रार केली, हे सगळं त्या त्या दिवशी, बोलल्यासारखं लिहिलेलं. आणि ते मराठीत असल्यामुळे शोधायची एक वेगळी युक्ती लागते. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नव्हतं.

‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याचा दाब’ सापडत नाही. म्हणून ‘पाण’ एवढंच शोधायचं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, ‘ण्या’ म्हणजे ण, हलन्त, य आणि काना असे चार वेगळे संकेत असतात, त्यामुळे ग्रेप या शोधायच्या आज्ञेला ‘पाण’ दोन्हीकडे दिसतं. शिवाय पाणपट्टीच्या ओळीही येतात, आणि त्या मला हव्याच असतात. ‘रस्ता’ऐवजी ‘रस्त’, ‘जिना’ऐवजी ‘जिन’. ऱ्हस्वदीर्घ बदलणारे शब्द थोडे चिवट: पावसाळ्यात महापालिकेची फवारणी होते तेव्हा कुठे ‘धूर’ लिहिलेलं असतं, कुठे ‘धुराची गाडी’. तिथे ध[ूु]र असं शोधायचं, म्हणजे कंसातलं कुठलंही एक चालतं.

सगळ्यात हट्टी अक्षर म्हणजे ‘पायऱ्या’ आणि ‘कर्मचाऱ्यां’मधला ऱ. तो तीन प्रकारे साठवता येतो: ऱ हा स्वतंत्र संकेत, र आणि खालचा नुक्ता (टिंब), किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे, पण शोधताना तिन्ही परके. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेला मजकूर यातला कोणता प्रकार घेऊन येईल याचा नेम नसतो. म्हणून अधूनमधून सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाची एक छोटी आज्ञा चालवून सगळे ऱ एकाच प्रकारचे करून घेते. मराठीत नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं.

एवढी काळजी का, असं मला सोसायटीतलेच लोक विचारतात. आमच्या जुन्या दप्तरात काही इतिवृत्तं अशा फॉन्टात टाइप केलेली आहेत, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले होते. तो फॉन्ट नसला की सभेचा ठराव रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता होऊन दिसतो. त्या सभेला हजर असलेली काही माणसं आता नाहीत. पुनर्बांधणीची बोलणी निघाली की नेमके तेच ठराव लागतात. मी ते छापील प्रतीवरून एकेक करून ‘नोंदी’त उतरवते आहे. जागेचा प्रश्नच येत नाही: यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा एक संकेत तीन बाइटचा, म्हणजे लाखभर अक्षरं धरली तरी सुमारे ३०० केबी.

समितीची मुदत पाच वर्षांची. पुढच्या सेक्रेटरीला शेअर सर्टिफिकेटांची पेटी आणि किल्ल्या देईन तेव्हा या दोन फायलींचा पेन ड्राइव्ह आणि त्यांची छापील प्रतही देणार आहे. छापील प्रतीच्या पहिल्या पानावर खुणांचे अर्थ लिहून ठेवले आहेत, ऱ ची आज्ञासुद्धा.