एका गुणाचं अंतर

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी बाबा पेन्सिलीने मुंबई सिटी या आमच्या फुटबॉल क्लबचे निकाल लिहितात. २०२३-२४ चा अख्खा हंगाम त्या चौकटींमध्ये आहे.

आदल्या वर्षी आम्ही इंडियन सुपर लीगची शील्ड, म्हणजे साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाची ढाल, जिंकली होती, सलग १८ सामने न हरता. माझ्या लेखी शील्ड म्हणजेच खरी लीग. साखळीनंतरच्या प्लेऑफमध्ये एखादी रात्र चांगली गेली की कप मिळू शकतो, शील्डला महिनोन् महिने टिकावं लागतं. म्हणून ती राखायची, एवढंच डोक्यात होतं.

डोंबिवलीहून घाटकोपर, मग मेट्रोने आझाद नगर. बाबांचा गुडघा दुखतो, तरी मेट्रोचे जिने माझ्याआधी उतरतात. अंधेरीचं स्टेडियम लहान आहे, म्हणूनच मला आवडतं. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज वर ऐकू येतो. त्या हंगामातला कप्तान राहुल भेके, आपल्या मुंबईचा मुलगा, हात हलवून बचावफळी पुढे ढकलायचा तेव्हा बाबा न बोलता मला कोपराने ढोसायचे.

हंगाम सोपा नव्हताच. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेड क्लबकडे गेले, त्यांच्या जागी पीटर क्रॅट्की आले. जानेवारीत ग्रेग स्टुअर्टने संघ सोडला. आशियाई चॅम्पियन्स लीगमधले गटातले सहाच्या सहा सामने हरलो. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर सौदीचे अल हिलाल आले, तेव्हा त्यांचा नेमार दुखापतीमुळे नव्हता. तो दिसला नाही याचं मला फार वाटलं नाही, ०-२ चं वाटलं. एवढं सोसूनही पोरं शेवटच्या दिवसापर्यंत अव्वल होती, याचा मला मनापासून अभिमान आहे.

१५ एप्रिल, सोमवार, कोलकात्याचं साल्ट लेक स्टेडियम. समोर मोहन बागान. आम्हाला बरोबरी पुरेशी होती, त्यांना जिंकणं भाग होतं. २८ व्या मिनिटाला त्यांचा लिस्टन कोलासो डावीकडून आत आला आणि चेंडू लांबच्या कोपऱ्यात वळवला. गोव्याचा पोरगा, एरवी मला त्याचं कौतुक. ८० व्या मिनिटाला कमिंग्जने दुसरा घातला. ८९ व्याला आमच्या छांगटेने एक परत केला, तेव्हा बाबा खुर्चीच्या कडेवर आले. आणखी एक हवा होता, तो आला नाही. त्यांचे ४८ गुण, आमचे ४७. बाबांनी टीव्ही बंद केला आणि पेन्सिलीला हात न लावता झोपायला गेले.

नऊ दिवसांनी गोव्यात फातोर्ड्याला कपासाठीचा उपांत्य सामना. नव्वदाव्या मिनिटापर्यंत एफसी गोवा २-० ने पुढे. मग छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे! काही मिनिटांत ३-२. शेजारच्या काकू काय झालं म्हणून दार वाजवत आल्या. परतीचा सामना अंधेरीत २-० ने जिंकलो, आणि अंतिम सामना पुन्हा त्याच साल्ट लेकवर, त्याच मोहन बागानशी.

४ मे. पुन्हा आधी कमिंग्जचाच गोल. मग डियाझने बरोबरी साधली, आणि ८१ व्या मिनिटाला बदली आलेल्या बिपिन सिंगने आम्हाला पुढे नेलं. २०२१ च्या अंतिम सामन्यात याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध शेवटच्या मिनिटाला गोल करणारा हाच बिपिन! भरपाई वेळेत वोय्तुशने तिसरा घातला. ३-१. त्या रात्री मी रडले, आनंदानेच. तरी तो एक गुण मला आजही सलतो. कपाने शील्ड भरून निघत नाही, असं मी बाबांना म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. ४ मेच्या चौकटीत त्यांनी ३-१ लिहिलं. मग पान मागे उलटून एप्रिल काढला, १५ ची कोरी चौकट शोधली आणि तिच्यात १-२ लिहिलं.