घडीचा जुना चाकू घेताना नाव शेवटी वाचा

आपल्याकडे अंगणात टेबल मांडून घरातलं जुनं सामान विकायची पद्धत नाही. घर आवरलं की कपडे बोहारणीला जातात, लोखंड-पितळ भंगारवाल्याच्या हातगाडीवर, आणि तिथून वजनकाट्यावर. घडीचा जुना चाकू हवा असेल तर या साखळीत काट्याच्या आधी पोचावं लागतं. खान्देशात त्याचा हंगाम ठरलेला आहे: घटस्थापनेच्या आधीचे दहा-पंधरा दिवस, आणि मग दिवाळीची आवराआवर. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या तेव्हाच खाली उतरतात.

भंगाराच्या दुकानात चाकू मागून मिळत नाही. दुकानदार लोखंड, पितळ, अ‍ॅल्युमिनियम वेगळं करतो, पण घडीच्या चाकूत पोलाद, पितळ आणि शिंग एकत्र असल्यामुळे तो कुठल्याच ढिगात बसत नाही. तो जातो कोपऱ्यातल्या डब्यात: बिनकिल्लीची कुलपं, बिनकुलपाच्या किल्ल्या, नळाच्या तोट्या, अडकित्ते. म्हणून 'चाकू आहे का' असं विचारू नये. 'कुलपांचा डबा बघू का, आबा' म्हणावं. आठवडे बाजारात हाच माल टोकाला, गोणपाटावर मांडलेला असतो. 'हाऊ कितलाले शे, भाऊ?' एवढं अहिराणीत विचारलं तर भाव उतरेलच असं नाही, पण बोलणं सुरू होतं.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांची यात्रा भरते, तिथे नवा माल जास्त. तरी खोगीर-लगाम विकणाऱ्यांकडे एक गोष्ट विचारून ठेवावी: पात्याबरोबर बोथट आकडा असलेला चाकू. तो आकडा घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढायचा असतो. दुकानदाराला तो मोडका डबा-ओपनर वाटू शकतो.

खिशात चार वस्तू हव्यात. सराफाच्या दुकानात वापरतात ती १० पट मोठं दाखवणारी आयग्लास, छोटा टॉर्च, लोहचुंबक आणि बांबूची चपटी कामटी. आयग्लास जळगावात सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे मिळते.

आता चाकू हातात आला. बहुतेक जण पहिल्यांदा पात्याच्या बुडावरचं नाव वाचतात आणि तिथेच फसतात. नाव वाचलं की डोळे बाकीचं बघायचं सोडतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा चाकू हिंदुस्थानात इतका चालायचा की त्याच्या नकलाही तितक्याच निघाल्या. एखादं अक्षर कमी, एखादं जास्त, चिन्ह तेच. म्हणून नाव शेवटी.

आधी चाकू बंद असतानाच वरून बघा. पात्याचं टोक मुठीच्या आतल्या दोन्ही पितळी पट्ट्यांच्या मधोमध आणि त्यांच्या कडेखाली दडलेलं असायला हवं. टोक वर डोकावत असेल तर पातं घासून घासून बारीक झालंय. कारण सोपं आहे: धार झिजत गेली की टोक पाठीकडे सरकतं, आणि बंद चाकूत पात्याची पाठच वरच्या अंगाला असते. काही विक्रेते बुडाजवळचा छोटा उंचवटा कानशीने घासतात, म्हणजे पातं आणखी आत बसतं आणि टोक झाकलं जातं. तसं केलेलं ओळखायचं असेल तर पातं उघडून नखाची खाच, म्हणजे नख अडकवून पातं ओढायची खाच, बघा. खाच धारेच्या अगदी जवळ आली असेल तर पातं अर्धं संपलंय, टोक कितीही आत असो.

मग चाकू आडवा धरून आभाळाकडे करा. मुठीच्या पाठीला जी पोलादी पट्टी आहे तीच स्प्रिंग. स्प्रिंग आणि पितळी पट्ट्या यांच्या फटीतून उजेड दिसला तर खिळे सैल झालेत किंवा आत गंज फुगून फट पडलीय. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे आतला गंज पट्ट्या बाहेर ढकलतो आणि मुठीला खिळ्यापाशी तडा जातो. बाहेरून चकचकीत केलेला चाकू इथे उघडा पडतो.

स्प्रिंग म्हणजे चाकूचा जीव. पातं उघडताना शेवटी 'टक्' असा आवाज यावा आणि बंद होताना पातं आपणहून आत ओढलं जावं. लिबलिबीत चाल असेल तर दोन शक्यता. आत तंबाखूची भुकटी, खिशातला कापूस आणि वाळलेलं तेल साचलं असेल, तर ते निघतं. स्प्रिंगच थकली असेल किंवा मधल्या खिळ्यापाशी केसासारखी चीर गेली असेल, तर काही उपाय नाही. चीर आयग्लासने पाठीवरून दिसते. तशी स्प्रिंग नवी घडवायला सगळा चाकू खोलावा लागतो, आणि शिंगाची मूठ खिळे काढताना शाबूत राहील याची खात्री नाही. असा चाकू सोडून द्यावा, नाव कितीही मोठं असलं तरी.

पातं बाजूला हलतं का, हेही बघायचं. थोडं हलणं चालतं. मुठीच्या टोकाला धातूची टोपी आहे तिच्यात मुख्य खीळ असते. ती ऐरणीवर ठेवून लहान हातोडीने अगदी हलके ठोके दिले की ढिलाई जाते. ठोका जोराचा बसला तर पातं घट्ट होऊन अडकतं, आणि शेजारचं शिंग तडकतं ते वेगळंच.

टोपीला चुंबक लावा. चिकटला नाही आणि रंग पिवळसर पांढरा असेल तर ते निकल सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकल आणि जस्त. चांदी त्यात औषधालाही नसते, तेव्हा 'चांदीची टोपी आहे' म्हणून भाव वाढवला तर हसून मान हलवावी. चिकटला तर लोखंड, वर निकलचा मुलामा असो वा नसो. पात्याला मात्र चुंबक लावून उपयोग नाही. साधं पोलाद चिकटतं, आणि चाकूचं स्टेनलेसही चिकटतं.

रावेर, यावल, सावदा या केळीच्या पट्ट्यातल्या चाकूंवर एक गंमत दिसते. पातं निळसर काळं झालेलं असतं आणि घेणारा 'गंजलंय' म्हणून खाली ठेवतो. तो केळीचा चीक आहे. चिकातलं टॅनिन आणि लोखंड मिळून हा काळा थर बनतो, आणि तो पात्याला खात नाही. फरक ओळखायला पांढऱ्या रुमालाच्या टोकाला तेलाचा थेंब लावून पातं पुसा. तांबूस-भगवं उतरलं तर जिवंत गंज. रुमाल जेमतेम करडा झाला तर निश्चिंत घ्या. पण धारेजवळ निळ्या-जांभळ्या रंगाचा पट्टा दिसला तर तो चीक नव्हे. सायकलवरच्या दगडावर धार लावताना पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापल्याची ती खूण. तिथलं पाणी उतरलंय, धार टिकणार नाही.

आता नाव. रॉजर्सचं चिन्ह म्हणजे सहा टोकांचा तारा आणि शेजारी माल्टीज क्रॉस, म्हणजे बाहेर रुंद होत जाणाऱ्या चार फाट्यांचा क्रूस. शेफील्डच्याच वॉस्टेनहोमचं आय एक्स एल. मुकुटासह व्ही.आर. ही अक्षरं असली तर राणी व्हिक्टोरियाचा, म्हणजे १९०१ पर्यंतचा काळ, अर्थात ठसा खरा असेल तर. खरा ठसा पोलाद तापलेलं असताना मारलेला असतो, अक्षरांच्या कडा खोल आणि किंचित गोलसर दिसतात. वरवर कोरलेली किंवा आम्लाने उठवलेली अक्षरं बोटाला जवळजवळ लागतच नाहीत. आम्लाने उठवलेला मजकूर पात्याच्या मधल्या भागावर अस्सल मालावरही असतो. बुडावर असेल तर शंका घ्यावी.

देशाचं नाव हा जास्त भरवशाचा पुरावा. १८८७ चा ब्रिटिश आणि १८८९ चा हिंदुस्थानचा मर्चंडाइज मार्क्स कायदा आल्यावर परदेशी मालावर देश लिहिणं रुळलं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलाच. स्टेनलेस पोलाद शेफील्डला हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये काढलं, त्यामुळे 'व्हिक्टोरियन स्टेनलेस' म्हणून कोणी काही दाखवलं तर चहा पिऊन निघावं. जर्मन पात्यावर 'रोस्टफ्राय' म्हणजे तेच, न गंजणारं. स्विस व्हिक्टोरिनॉक्सच्या नावातलं 'इनॉक्स', त्याचाही अर्थ तोच, १९२१ मध्ये जोडलं गेलं. फ्रान्सच्या ओपिनेलला लाकडी मुठीच्या गळ्याशी फिरणारी कडी असेल तर तो १९५५ नंतरचा.

देशी मालाकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. फाळणीपूर्वी पंजाबातल्या वझिराबादला चाकू-कात्र्यांचा मोठा धंदा होता. कच्छमधल्या रेहा गावांत आजही चाकू आणि सुडी, म्हणजे अडकित्ते बनतात. खटक्याच्या रामपुरीची गोष्ट वेगळी. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकाम आणि शेतीची अवजारं सोडून. आणि सणासुदीला जिल्ह्यात हत्यारं घेऊन फिरायला मनाई करणारं महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१) अनेकदा लागू असतं, तेव्हा बाजारातून कुठलाही चाकू खिशात घालून फिरणं शहाणपणाचं नाही. कागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी, पावतीसह.

भुसावळला आणखी एक पथ्य. डब्यात 'जी.आय.पी.आर.' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) किंवा 'सी.आर.' (सेंट्रल रेल्वे) असा ठसा असलेली किल्ली, कंदील, हत्यार दिसलं की हात शिवशिवतात. पण रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे, आणि माल चोरीचा असल्याचा सबळ संशय आला तर तो रीतसर मिळवल्याचं दाखवणं आपल्यावर येतं. कागद नसेल तर ठेवून द्या.

मुठीत हस्तिदंत असेल तर तो चाकू घेऊच नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे, वस्तू आजोबांच्या काळातली असली तरी. सांबरशिंगालाही हाच कायदा आहे. ओळखायचं असं: हाडात आयग्लासखाली बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी दिसते. म्हशीचं शिंग काळं, पण कडेला टॉर्च धरला तर तपकिरी उजेड आरपार येतो. सांबरशिंगाच्या बाहेरच्या अंगाला खडबडीत खाचा असतात.

भावाबद्दल एवढंच. मध्यम चाकू ५० ते १०० ग्रॅमचा असतो. मोडीच्या भावाने त्याचे चहाचेही पैसे होत नाहीत. म्हणजे विक्रेत्याने शंभर मागितले तर तो भंगार नाही, चाकू विकतोय, आणि तुम्हीही चाकू म्हणूनच दोष दाखवून बोलायचं. टोक वर आलंय, फट आहे, मूठ तडकलीय. वस्तूची टिंगल केली तर विकणाऱ्या मावशी ती पुन्हा डब्यात टाकतात.

न उघडणारं पातं बाजारात पकडीने ओढू नका. नखाची खाच फाटते आणि चाकू कायमचा बाद होतो. घरी आणून सांध्यात रॉकेलचे चार-पाच थेंब सोडा. रॉकेल मिळत नसेल तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. २४ तास ठेवा, मग खाचेत बांबूची कामटी अडकवून हळूच उचला. नाही उघडलं तर पुन्हा थेंब, पुन्हा एक दिवस. शिंगाच्या मुठीचा चाकू फक्त सांध्यापर्यंत बुडवला तरी चालतो. हाडाची मूठ बुडवू नये, ती तेल पिते आणि पिवळे डाग पडतात. थिनर तर कशालाच नको. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची मूठ त्यात विरघळते.

पातं सुटलं की वीस-तीसदा उघडझाप करा. सांध्यातून काळा चिखल येईल, तो पुसून पुन्हा थेंब सोडा. पुसलेलं कापड स्वच्छ यायला लागलं की शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल नको, ते पुढे चिकट होतं. लाल गंजाचे ठिपके तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेने, तेल लावून खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही. पॉलिशपेपर, लिंबू, चिंच यातलं काहीही वापरलं तर काळा थर जातो, लिंबू-चिंचेचं आम्ल सांध्यात राहतं आणि लवकरच नवा गंज येतो.

ठेवायचे ते सुती कापडात. चामड्याच्या म्यानात ओल आणि आम्ल दोन्ही असतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा गच्चीखालच्या पत्र्याच्या पेटीत शिंग आकसतं आणि खिळ्याभोवती तडकतं, म्हणून पेटी तळमजल्यावर. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू वेगळ्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट न लावता. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या दहा चाकूंची पाती गंजवतं. ते पेटही पटकन घेतं, त्यामुळे तापलेली सुई लावून मूठ तपासायच्या फंदात पडू नये. डबा उघडल्यावर कापराचा वास आला, किंवा मुठीच्या आतल्या बाजूलाच पात्यावर हिरवट-तांबूस गंज दिसला, तर तो चाकू त्याच दिवशी बाहेर काढून मोकळ्या हवेत ठेवा.