मानदुखी: दहा सिटिंग आणि एक झेरॉक्स

दहा सिटिंगचं पॅकेज होतं. नऊ दिवस फिजिओने हाताने मणके हलवून दिले, खांद्याच्या गाठी दाबल्या. व्यायामाचा कागद दहाव्या दिवशी मिळाला, तोही झेरॉक्सची झेरॉक्स: ‘हनुवटी आत, १० वेळा’. माझा राग आहे तो या एका ओळीवर.

हाताच्या उपचाराला मी नावं ठेवत नाही. टेबलावरून उठताच मान वळते. फक्त ते दोन दिवसही पुरत नाही. २०१२ साली अमेरिकेत २७२ जणांवर झालेल्या चाचणीत बारा आठवडे मणके हलवून घेणारे आणि जेमतेम दोन भेटींत शिकून घरी व्यायाम करणारे जवळपास सारखेच सुधारले. म्हणजे शिकवणं पहिल्याच दिवशी हवं होतं.

कारण ‘हनुवटी आत’ म्हटलं की माणूस खुर्चीत बसून हनुवटी मागे ढकलतो. तो व्यायाम वेगळा. इथे पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, उशी काढायची. कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील इतकीच टॉवेलची घडी डोक्याखाली. मग डोकं न उचलता, कुणाला हळूच ‘हो’ म्हणावं तितकीच मान हलवायची. डोक्याची मागची बाजू गादीवर सरकली पाहिजे. १० सेकंद धरायचं, १० वेळा. सुरुवातीला थरथर होते, तेव्हा ३ सेकंदही चालतात.

चूक ओळखायला बोटं मानेच्या दोन्ही बाजूंना ठेवा. कानामागून गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत येणारे जाड स्नायू दोरीसारखे ताठ झाले, तर आतले स्नायू झोपलेत आणि बाहेरचे ओढताहेत. दात आवळणं, श्वास रोखणं, डोकं गादीत दाबणं, सगळं त्यातलंच. दातांत फट ठेवा, जीभ टाळूला. काही फिजिओ मानेखाली दाब दाखवणारा काटा जोडलेली हवेची पिशवी ठेवतात: काटा २० वरून २२, २४ असा टप्प्याटप्प्याने ३० पर्यंत न्यायचा. एकदम ३० वर उडाला की समजायचं, जोर चुकीचा.

रबर बँड ओढणं वगैरे हे जमल्यावर. सिटिंग चालू असेल तर व्यायाम त्याच दिवशी करा, मान मोकळी असते तेव्हा जमतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: हाताची पकड सैल झाली, चालताना तोल जातोय किंवा पडल्यानंतर दुखू लागलंय, तर आधी डॉक्टर. आणि न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेणं कधीच नाही.