चांदीच्या फिल्ममधली भोकं आणि जास्तीचा उजेड

मायक्रोवेव्हच्या दारावर ती ठिपक्याठिपक्यांची जाळी असते बघा. आतला कप फिरताना दिसतो पण मायक्रोवेव्ह लहरी काही बाहेर येत नाहीत, कारण त्या लहरींची लांबी 12 सेंटीमीटरच्या आसपास आणि जाळीचं भोक जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर. उजेडाची लहर अर्ध्या मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटर त्याच्याही हजारावा), तिला तेच भोक म्हणजे गावची वेस. तर धातूतलं भोक लहरीपेक्षा खूप लहान असलं की लहर अडते, आणि हे नुसतं ढोबळ नाही, हान्स बेथे या भौतिकशास्त्रज्ञानं 1944 मध्ये याचं गणितच मांडून ठेवलंय: अतिपातळ, आदर्श धातूच्या पडद्यात एकच बारीक भोक असेल तर त्या भोकावर पडलेल्या उजेडातला पलीकडे जाणारा वाटा भोकाच्या आकाराच्या चौथ्या घातानं पडतो. भोक निम्मं केलं की वाटा 16 पट कमी. संपला विषय.

संपला नाही म्हणूनच लिहितोय. थॉमस एबेसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1998 चा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला पेपर आहे, त्यात 200 नॅनोमीटर जाडीची चांदीची फिल्म, तिच्यात 150 नॅनोमीटरची भोकं, ओळीनं, दर 900 नॅनोमीटरवर एक. बेथेच्या हिशेबानं यातून नावालाच काहीतरी जायला हवं. तर 1370 नॅनोमीटरच्या जवळ, म्हणजे भोकाच्या नऊपट लांब लहरीला, भरपूर उजेड पलीकडे येतोय, आणि भोकांच्या क्षेत्रफळावर मुळात जेवढा पडला त्याच्यापेक्षाही जास्त!

आता इथंच यूट्यूबवाले "प्रकाशानं नियम मोडला" म्हणून थंबनेल लावतात आणि माझं डोकं उठतं. काही मोडलेलं नाही. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडतो आणि पन्हाळीतून धो धो पाणी येतं, तेव्हा ते पन्हाळीच्या तोंडावर पडलेल्या पावसापेक्षा जास्तच असतं, कुणी त्याचा थंबनेल करत नाही. भोकांच्या मधल्या चांदीवर जो उजेड पडतो त्यातला काही भोकांकडे वळतो, एवढंच. अख्ख्या फिल्मवर पडलेल्या उजेडाचा हिशेब केला तर पलीकडे थोडासाच भाग जातो.

वळवतं कोण, तर चांदीतले मोकळे इलेक्ट्रॉन. ते पृष्ठभागावर इथं दाट तिथं विरळ असे हलतात आणि त्यांच्यासोबत उजेडाची लाट धातूला चिकटून पळते, तिला सरफेस प्लाझ्मॉन म्हणतात. गंमत अशी की सपाट गुळगुळीत चांदीवर साधा उजेड टाकून ही लाट उठत नाही, कारण तेवढ्याच फ्रिक्वेन्सीला तिची लांबी उजेडापेक्षा कमी असते, मेळ बसत नाही. ओळीतली भोकं तो मेळ बसवून देतात. म्हणून तर भोकांमधलं अंतर बदललं की कुठला रंग जोरात जाणार तेही बदलतं, आणि फिल्म ज्याच्यावर बसवलीय त्या खालच्या क्वार्ट्झचा अपवर्तनांक (उजेड त्यात किती पट हळू चालतो तो आकडा) साधारण 1.45 धरून गुणलं तर 900 चे 1300 च्या वर होतात, 1370 च्या गल्लीतच. जर्मेनियम या अर्धवाहकाच्या फिल्मला तशीच भोकं पाडली तर हा प्रकार दिसत नाही, धातूच लागतो.

भोकाऐवजी लांब फट असेल तर गोष्ट वेगळी आणि मला तर तीच जास्त आवडते. लहरीचं विद्युतक्षेत्र फटीला आडवं असेल तर एका काठावर प्लस, समोरच्या काठावर मायनस चार्ज गोळा होतो, आणि फट कितीही अरुंद करा, लहर आत शिरते. क्षेत्र फटीच्या लांबीच्या दिशेनं असेल तर मात्र अर्ध्या लहरीपेक्षा अरुंद फटीत एंट्री बंद. 2009 मध्ये कोरियातल्या ग्रुपनं सोन्याच्या फिल्ममधल्या 70 नॅनोमीटरच्या फटीतून टेराहर्ट्झ लहरी नेल्या, ज्यांची लांबी मिलिमीटरच्या घरात, म्हणजे फटीच्या हजारो पट, आणि फटीतलं क्षेत्र शेकडो पट वाढलेलं मिळालं. अशा फटीत अगदी थोडे रेणू बसले तरी सिग्नल बदलतो, म्हणून सेन्सरवाले याच्या मागे लागलेत.

हे सगळं मी थोरल्या मामांना सांगत होतो. मामा गलाईवाले, उमेदीची अख्खी वर्षं सोनंचांदी गाळण्यात गेली. विटा-आटपाडीकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. त्यांनी इलेक्ट्रॉन वगैरे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांदी किती लागती ते सांग." मग बसून हिशेब केला, चौरस सेंटीमीटरला 0.21 मिलिग्रॅम, म्हणजे 10 ग्रॅममध्ये 50 स्क्वेअर फूट फिल्म. मामा गार. मग लगेच, "आन् काळी पडल्यावर रं?"

हा प्रश्न खरंच लॅबमधलासुद्धा आहे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडनं चांदीवर सल्फाइडचा थर येतो, तांब्या-पेल्याला पुसून काम भागतं पण इथं फटच शंभर नॅनोमीटरच्या आतली, थर चढला की खेळ खल्लास. म्हणून बऱ्याचदा सोनं वापरतात. पण सोनं निळा-हिरवा उजेड स्वतःच खातं, त्यामुळं त्या रंगांसाठी ॲल्युमिनियम घेतात, त्याच्यावर ऑक्साइडचा दोन-चार नॅनोमीटरचा थर येतो आणि तिथंच थांबतो. ॲल्युमिनियमचं नाव काढल्यावर मामा उठले, म्हणाले भांड्यांचा धंदा आपला न्हाई.