चुलीच्या वासाचं कपाट: चौथा आठवडा

मंडळी, आत्याकडून आणलेल्या सागवानी कपाटाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहून गेलं होतं. कोकणातल्या घरात ते तीसेक वर्षं स्वयंपाकघराच्या दाराशी उभं होतं, आणि चूल लाकडाची. ठाण्याला आणून दार उघडलं तर हॉलमध्येच कोणी चूल पेटवल्यासारखं झालं. बायको म्हणाली, "यात साड्या ठेवू की सुकट?"

पहिला आठवडा फुकट गेला. कापूर ठेवला, मग डांबरगोळ्या. वास हलला नाही, त्याला सोबत मिळाली. खणाखणात खाण्याच्या सोड्याच्या वाट्या ठेवल्या, तर दोन दिवस बरं वाटलं. लाकूड जळताना त्यातल्या लिग्निनपासून ग्वायाकॉलसारखी रसायनं बनतात. धुराचा ओळखीचा वास बराचसा त्यांचा. चिकट काजळीबरोबर ती लाकडात मुरतात आणि हवा गरम किंवा दमट झाली की थोडी थोडी सुटतात. वाटीतला सोडा तिथवर कसा पोचणार?

मग टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. बाहेरून छान पॉलिश, त्यावरची काजळी ओल्या फडक्याने निघाली. आतून सगळं कोरं! खणांचे तळ, पाठची फळी, कप्प्यांची खालची बाजू. दिसत नाही तिथे सुतार पॉलिश कशाला वाया घालवेल? धूर प्यायलंय ते याच लाकडाने. त्यातही फळ्यांची कापलेली टोकं सगळ्यात वाईट, कारण तिथे लाकडाच्या नळ्या उघड्याच असतात.

कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकून, फडकं घट्ट पिळून पुसत गेलो. पाणी कोऱ्या चहासारखं. सात वेळा बदललं. वाळल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, तेव्हा पाण्याला न बधलेला तपकिरी चिकटाही उतरला. (स्पिरिट फक्त कोऱ्या लाकडाला. बाहेरचं जुनं चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश त्यात विरघळतं.) शेवटी १२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, तोंडाला मास्क लावून.

या सगळ्यात एक शहाणपणा केलाच. खालच्या खणाचा तळ चांगला भिजवला आणि लवकर वाळावा म्हणून गच्चीवर उन्हात टाकला. संध्याकाळी त्याची पन्हळ झाली होती. बाकीचे खण मग सावलीत, पंख्याखाली.

तिसऱ्या आठवड्यात चपडा. ५०० मिली स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम, रात्रभर भिजवून गाळला. खिडक्या उघड्या, गॅस बंद. आतून दोन हात, टोकांना तीन. वास कोंडून ठेवायला चपड्यासारखं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही. कोपऱ्यावरचे सुतारकाका हसले, "आतून कोण पॉलिश करतं, साहेब?" अळशीचं तेल मुद्दाम टाळलं, बंद कपाटात त्याचाच वास महिनोन्महिने राहतो.

आपलं नाक सरावतं, म्हणून धुतलेला पंचा दोन दिवस आत कोंडतो आणि शेजारच्या काकूंना हुंगायला देतो. वरचे तीन खण पास. पाठच्या फळीला मात्र "जरासा येतोय हो." तिला रविवारी आणखी एक हात. दमट हवेत चपड्यावर पांढुरकी झाक धरते, तेव्हा आभाळ भरायच्या आत उरकायला हवं. पन्हळीवर सध्या पाटा-वरवंटा ठेवलाय.